पद सुटण्याआधी कार्ड हातात हवं

तिगाव-चिचोंडा घाटात मालगाडी अडकली, महामार्गावर ट्रक उलटला, शेतात कुणाला साप चावला, कुणाच्या घरी मध्यरात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर सगळ्यात आधी कोण पोचतं? डॉक्टर नंतर येतात, साहेब त्याहून नंतर. आधी येतो गावचा कोटवार, आशाताई, १०८ गाडीचा ड्रायव्हर, नगरपालिकेच्या दमकलीवरचा माणूस, रेल्वेचा गँगमन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, सुरू झाली की डोकी फुटलेल्यांना उचलून पट्टी बांधायला हीच माणसं उभी असतात.

यातले पुष्कळजण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं. त्या पहिल्या तुकडीत जी बाई पस्तिशीत आशा झाली, ती आता पंचावन्नच्या पुढं आहे. गुडघे बोलायला लागलेत, साखर वाढलीय, आणि मानधनाच्या कामाला पेन्शन नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. सांगायचं मुख्य ते एवढंच: सरकारी आरोग्य विम्याची जी वाट तुम्हाला लागू होते, ती काम चालू असतानाच पक्की करून घ्या. पद सुटल्यावर कागद गोळा करणं अवघड जातं, आणि आजार कागदांची वाट पाहत थांबत नाही.

साठ ते सत्तरची दरी

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. मध्य प्रदेशात तिला ‘निरामयम’ म्हणतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन मोफत उपचार, असं तिचं स्वरूप. कुटुंबात माणसं किती, त्यांचं वय काय, याला मर्यादा नाही. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस, यांतल्या तपासण्या आणि औषधंही त्यात येतात.

मात्र ही योजना सरसकट सगळ्यांना नाही, यादीतल्यांना आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘वय वंदना’ कार्ड मिळू लागलं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात देशातल्या सगळ्या आशा, अंगणवाडी कार्यकर्ती आणि सहायिका यांना योजनेत घेण्याची घोषणा झाली.

आता हिशेब करा. पद असेपर्यंत पदाच्या यादीतून कार्ड. सत्तरीनंतर वयाच्या यादीतून कार्ड. साठीच्या आसपास काम थांबलं, तर मधली आठ-दहा वर्षं कोणत्या यादीवर? हार्ट, किडनी, कॅन्सर, मोतीबिंदू, गुडघा यांचा खर्च नेमका याच वर्षांत दारात येतो. ज्यांनी आयुष्यभर रात्री-बेरात्री धावाधाव केली, त्यांच्या बाबतीत तर तो आणखी लवकर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ साली आगीशी झुंजण्याच्या कामाला कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण ठरवलं आहे. रात्रपाळीचं काम कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून त्याच संस्थेच्या यादीत आहे.

ही अडचण आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, ६५ व्या वर्षी सुरू होतो. तिथले फायरमन आणि पोलीस त्याच्या बरेच आधी शरीरानं थकून निवृत्त होतात. त्यांना ५० व्या वर्षापासून पैसे भरून मेडिकेअर घेता यावं, असं विधेयक सिनेटर शेरॉड ब्राउन यांनी मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडे योजना आहेत, पण त्यांची दारं वेगवेगळी आहेत. आपलं दार कोणतं, ते आधी शोधायचं.

तुमचं दार कोणतं?

पहिलं दार घराचं. मध्य प्रदेशात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतली पात्र कुटुंबं, असंघटित कामगारांच्या संबल योजनेत नोंद असलेली कुटुंबं आणि अन्नसुरक्षेची पात्रता पर्ची असलेली कुटुंबं आयुष्मानला धरली जातात. हे दार सगळ्यात भरवशाचं, कारण ते पदावर अवलंबून नाही. कोटवारी मुलाकडे गेली किंवा आशाचं काम सुटलं, तरी पर्ची घराची असते. म्हणून आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाईनं ‘माझं नाव पदावरून आलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. आपलं घर पर्चीवर किंवा संबलमध्ये बसत असेल, तर ती नोंदही जिवंत ठेवावी. राशनची ई-केवायसी राहिली म्हणून पर्चीतून नाव गळालं, तर त्याचा फटका दवाखान्यात बसू शकतो.

दुसरं दार पदाचं. आशा, अंगणवाडी कार्यकर्ती, सहायिका यांनी आपल्या पर्यवेक्षिकेकडे किंवा ब्लॉकच्या आरोग्य कार्यालयात जाऊन विचारावं: माझं नाव आयुष्मानच्या यादीत चढलं का, आणि माझ्या नावावर घरातल्या कुणाकुणाची कार्डं निघतात? कोटवारानं हाच प्रश्न तहसील कार्यालयात विचारावा. कोटवाराची नेमणूक मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ खाली होते, त्यामुळं त्याचं रेकॉर्ड तहसीलमध्येच असतं.

तिसरं दार ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं. १०८ गाडीचे ड्रायव्हर, ठेकेदाराकडून लागलेले दमकल कर्मचारी, रेल्वेच्या ठेक्यावर काम करणारे मजूर यांनी हे दार आधी तपासावं. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयच्या कायद्याखाली येत असेल, तर हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १२,००० पगारावर तुमचे ९० रुपये, ठेकेदाराचे ३९०. पगाराच्या पावतीवर ही कपात दिसते का ते पाहा. दिसत असेल तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. पैसे कापले पण विमा क्रमांक दिला नाही, तर ठेकेदाराला लेखी विचारा आणि त्याची एक प्रत ज्या कार्यालयाचा ठेका आहे त्याला द्या.

ईएसआयची एक तरतूद फारच कमी लोकांना ठाऊक आहे. निदान ५ वर्षं विमाधारक राहून जो वयानं किंवा स्वेच्छेनं निवृत्त होतो, त्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. कामावर झालेल्या दुखापतीमुळं कायमचं अपंगत्व आलं आणि काम सुटलं, तर निवृत्तीचं वय येईपर्यंत याच पैशांत उपचार मिळतात. साठ ते सत्तरची दरी ओलांडायला ठेक्यावरच्या माणसासाठी याहून स्वस्त उपाय नाही. अट एवढीच की सलग नोंदी सापडल्या पाहिजेत. ठेकेदार बदलला तरी आपला विमा क्रमांक तोच ठेवा. नव्या ठेकेदारानं नवा क्रमांक काढला, तर जुनी वर्षं मोजताना घोळ होतो.

चौथं दार कायम नोकरीचं. रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतर रेल्वे दवाखान्याची वेगळी योजना आहे. तिची नोंद नोकरी सोडतानाच करून घ्यावी. पोलीस आणि इतर सरकारी खात्यांतल्या कायम लोकांनी निवृत्तीच्या वर्षभर आधी आपल्या आस्थापना शाखेत जाऊन वैद्यकीय सवलतीचा लेखी नियम मागावा. तोंडी सांगितलेलं दवाखान्यात चालत नाही.

कागद: ‘ळ’चा ‘ल’ झाला की काय होतं

पांढुर्णा आणि सौंसरच्या मराठी घरांना कागदांचा एक खास त्रास आहे. घरात आपण काळे, गवळी, ढवळे. राज्याच्या ‘समग्र’ कुटुंब-नोंदणीत हिंदीत काले, गवली, ढवले. आधारवर इंग्रजी अक्षरांत आणखी तिसरंच काही. त्यात माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठं मधलं नाव आहे तर कुठं नाही. ई-केवायसी करताना ही नावं जुळली नाहीत की मशीन थांबतं, आणि ‘डेटा मॅच होत नाही’ म्हणून परत पाठवतात.

यावर उपाय एकच: सगळ्याचा पाया आधार ठेवा. आधारवर जसं नाव आहे, तसंच समग्र, बँक आणि पर्चीवर करून घ्या. आधारच चुकीचं असेल तर आधी तेच दुरुस्त करा, बाकीचं मागाहून. हे काम करताना पुढच्या चार गोष्टी पाहाव्या.

१. समग्रमधला कुटुंबाचा ८ अंकी आणि सदस्याचा ९ अंकी क्रमांक लिहून ठेवा. समग्र आधारशी जोडलेला आहे का ते तपासा.

२. आधारला चालू मोबाइल नंबर जोडा. बरेचदा नंबर मुलाचा असतो, मुलगा नागपुरात किंवा पुण्यात, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आयुष्मान अ‍ॅपमध्ये आहे, पण नंबर आपला असला की अडचण कमी.

३. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव, नव्या बाळाचं नाव समग्रमध्ये चढवा. कुटुंबातला प्रत्येकजण योजनेत धरला जातो, पण कार्ड प्रत्येकाचं वेगळं निघतं.

४. नेमणुकीचा आदेश, मानधनाच्या बँक नोंदी, ओळखपत्र यांच्या झेरॉक्स एका फायलीत ठेवा. पदावरून हक्क मागायची वेळ आली, तर हाच पुरावा.

कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. मोबाइल येत असेल तर घरच्या घरी आयुष्मान अ‍ॅपवर निघतं. नाही तर ग्राम रोजगार सहायक, सीएससी सेंटर किंवा सरकारी दवाखान्यातला आयुष्मान मित्र काढून देतो. कार्ड निघालं की त्याची रंगीत प्रत घरात ठेवा आणि फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा.

नागपूरला जाताना

तिगावच्या माणसाला मोठा आजार झाला की पाय भोपाळकडे वळत नाहीत, नागपूरकडे वळतात. तिथं मेडिकल, मेयो, एम्स आणि खासगी दवाखाने. इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. काउंटरवर सांगतात, ‘हे कार्ड एमपीचं आहे, इथं चालत नाही.’ नातेवाईक घाबरून पैसे भरतात, आणि भरलेले पैसे परत मिळवणं अवघड असतं, कारण योजना रोखीच्या परताव्याची नाही, बिनपैशाच्या उपचाराची आहे.

समजून घेण्याची गोष्ट अशी. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तिथल्या रहिवाशांची आहे. तुमचे काका नरखेडला राहतात आणि त्यांना ती मिळते, म्हणून तुम्हाला मिळणार नाही. पण आयुष्मान भारतचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या पॅनलवरच्या दवाखान्यातही चालतं. फक्त मंजुरी मध्य प्रदेशाकडून येते. म्हणून भरतीच्या वेळी दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राला शोधा आणि त्याला सांगा, ‘भाऊ, आमचं कार्ड मध्य प्रदेशाचं आयुष्मान आहे, पोर्टेबिलिटीतून केस लावा.’ ‘पोर्टेबिलिटी’ हा शब्द लक्षात ठेवा. काउंटरवर बरंचसं काम त्यानंच होतं.

निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, तो दवाखाना आयुष्मानच्या पॅनलवर आहे का, आणि ज्या आजारासाठी चाललात त्याच विभागासाठी आहे का. एखादा दवाखाना डोळ्यांसाठी पॅनलवर असतो, हृदयासाठी नसतो. दुसरी, काही उपचार सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेले असतात. खासगीत ‘हे होणार नाही’ म्हटलं, तर ते दर वेळी टाळाटाळ करत असतीलच असं नाही. १४५५५ या क्रमांकावर फोन करून दोन्ही गोष्टी विचारता येतात.

कार्ड असूनही पॅनलवरच्या दवाखान्यानं पैसे मागितले, तर आधी आयुष्मान मित्राकडे, मग १४५५५ वर तक्रार करा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि भरलेल्या पैशांची पावती सोडू नका. आपल्या राज्यातल्या दवाखान्याची तक्रार असेल तर सीएम हेल्पलाइन १८१ हाही रस्ता आहे.

कार्डात जे नाही ते

आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. रोजची बीपीची गोळी, साखरेची गोळी, ओपीडीची फी यात येत नाही. म्हणून पन्नाशीनंतर धावाधावीच्या कामातल्या माणसानं वर्षातून एकदा तरी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. तिथं ती मोफत आहे. आशाताई गावातल्या इतर बायांना या तपासणीला घेऊन जातात आणि स्वतः मात्र बाहेर नाव लिहीत बसतात. रजिस्टरमध्ये आपलंही नाव घाला.

अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व हा वेगळा विषय आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे, ७० वर्षांपर्यंत चालतो. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांचा, पण त्यात ५० वर्षांच्या आतच शिरता येतं आणि ५५ ला तो संपतो. आशांसाठी हे दोन्ही विमे २०१८ पासून केंद्राच्या लाभ-योजनेत आहेत. आपल्या नावावर ते चालू आहेत का, हे बँकेत पासबुक भरून घेताना विचारा. कोविडच्या काळात, ३० मार्च २०२० पासून, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा होता, आशाही त्यात होत्या. पण तो मृत्यूचा विमा होता. आजारी पडून जगलेल्याच्या बिलाला त्याचा उपयोग नव्हता. विम्याचा कागद हातात आला की हा फरक आधी पाहावा: हा मेल्यावरचा आहे, की जगताना उपयोगी पडणारा?

महामार्गावर मदतीला गेलेल्यालाच गाडीनं उडवलं, असंही होतं. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या कुठल्याही जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाचा उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे. ती आयुष्मान कार्डावर अवलंबून नाही.

ज्यांना वरच्या चारांपैकी एकही दार उघडत नाही, त्यांनी खासगी विमा शक्य तितक्या लवकर बघावा. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची जुनी मर्यादा उरलेली नाही. जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. म्हणजे ५६ व्या वर्षी घेतलेली पॉलिसी ५९ पर्यंत पूर्ण कामाची होते. ६० ला घेतली तर ६३ पर्यंत वाट पाहावी लागते. फॉर्मवर साखर-बीपी लपवू नका. क्लेम नाकारण्याचं ते सगळ्यात सोपं निमित्त असतं.

कामाच्या शेवटच्या वर्षी

समजा, आशाताई ५९ च्या आहेत. घरी ७४ वर्षांची सासू, शेतमजुरी करणारा नवरा, मुलगा-सून. त्यांनी या वर्षात काय करावं?

सासूबाईंचं वय वंदना कार्ड लगेच काढावं. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सासूबाईंसाठी वेगळे ५ लाख मिळतात, घरच्या ५ लाखांवर त्यांचा भार येत नाही. मग घरातल्या बाकी चौघांची कार्डं तपासावी आणि ती कोणत्या आधारावर आहेत, पर्चीवर की पदावर, ते विचारावं. पदावर असतील तर ब्लॉक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा: काम संपल्यावर माझी पात्रता कोणत्या आदेशानं पुढे चालेल? अर्जावर पोच घ्यावी. त्याच वेळी पात्रता पर्ची किंवा संबलची नोंद होते का, ते पंचायतीत पाहावं. संबलची नोंद ६० च्या आत करायची असते, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. ज्या ऑपरेशनची डॉक्टरांनी केव्हाचीच शिफारस केली आहे, मोतीबिंदूचं किंवा गर्भाशयाचं, ते कार्ड पक्कं असतानाच करून घ्यावं.

गावानं काय मागावं

एकट्या माणसाचा अर्ज फायलीत राहतो, ग्रामसभेचा ठराव वर जातो. पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. पूर्वी ज्या कामासाठी छिंदवाड्याला खेटे घालावे लागत, ते आता जवळच्या कलेक्टर कार्यालयात, मंगळवारच्या जनसुनवाईत मांडता येतं.

ठरावात तीन मागण्या असाव्या. एक, दहा वर्षं किंवा जास्त काम केलेल्या आशा, अंगणवाडीच्या बाया आणि कोटवार यांचं आयुष्मान कार्ड पद सुटल्यावरही ७० वर्षं होईपर्यंत चालू राहील, असा स्पष्ट लेखी आदेश. दोन, १०८, दमकल आणि इतर ठेक्यांच्या करारात ईएसआय भरल्याची पावती दर महिन्याला दाखवण्याची अट. तीन, पन्नाशीपुढच्या या सगळ्यांची वर्षातून एकदा तपासणी.

यातली पहिली मागणी अशक्यातली नाही. आयुष्मानच्या केंद्रीय यादीबाहेरची कुटुंबं राज्यं आपल्या तिजोरीतून जोडू शकतात, आणि मध्य प्रदेशानं संबल आणि अन्नसुरक्षेची कुटुंबं तशीच जोडली आहेत. एका गावात अशी माणसं किती असतील? बोटांवर मोजण्याइतकी. पण त्यांची नावं, वय, पद आणि किती वर्षं काम केलं, याची यादी ठरावासोबत जोडली, तर वरच्या अधिकाऱ्याला ‘आकडा नाही’ असं म्हणता येणार नाही. ही यादी पंचायत सचिवाला बसून करता येते. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची असो की १५ ऑगस्टची, यादी तिच्या आठवडाभर आधी तयार ठेवा, आणि ठराव वाचला जाईपर्यंत सभा सोडू नका.